आधी आंबा, मग आल्प्स

आमचे चिरंजीव जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नोकरी करतात. मागच्या महिन्यात त्यांनी मेलला जोडून एक तक्ता पाठवला. पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघांनी तिकडे जायचे आणि त्यांच्या गाडीतून दहा दिवस आल्प्सच्या खिंडी पाहायच्या, असा बेत. तक्त्यात रकाने पाडलेले : दिवस, खिंड, उंची, वळणे, मुक्काम, शेरा. ३५ वर्षे शाळेत हजेरीपट आणि गुणपत्रके आखण्यात गेली, त्यामुळे रकाने दिसले की मला आपोआप बरे वाटते. मुलगा माझ्यावर गेला आहे एवढे नक्की.

तक्ता वाचण्यासारखा आहे खरा. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा रस्ता, लांबी ४८ किलोमीटर, ३६ वळणे, १९३५ साली खुला झाला, टोल भरून जायचे. स्वित्झर्लंडमध्ये फुर्का २,४२९ मीटर, ग्रिमसेल २,१६४, सुस्टेन २,२२४. या तिन्ही खिंडी अशा शेजारी शेजारी आहेत की एका दिवसात फेरा मारून पुन्हा निघालो तिथेच येता येते म्हणे. आणि शेवटी इटलीतली स्टेल्व्हिओ. उंची २,७५७ मीटर आणि एका बाजूने चढताना ४८ वळणे. प्रत्येक वळणावर त्याच्या क्रमांकाची पाटी. हा रस्ता १८२० ते १८२५ या पाच वर्षांत ऑस्ट्रियाच्या बादशाहीने बांधून घेतला, कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरकडून. फुर्क्याजवळच्या हिमनदीतून ऱ्होन नदी निघते हे मी १९७४ पासून मुलांना शिकवत आलो. ती हिमनदी आता फार मागे सरकली आहे असे वाचतो. शिल्लक आहे तोवर पाहावी असे कुणाला वाटणार नाही?

मी हे सगळे मोठ्याने वाचून दाखवत होतो. सौ. चटणीसाठी भाजलेल्या शेंगांची टरफले काढत बसली होती.

"किती वळणं म्हणालात?"

"अठ्ठेचाळीस. एका बाजूला. उतरायची वेगळी."

"मग मी तेवढ्या पिशव्या घेऊन येते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, टरफले फुंकून झाल्यावर, "आणि एक सांगते. दादाला भेटल्याशिवाय मी परक्यांचे घाट बघायला जायची नाही."

विषय तिथे थांबला. म्हणजे आल्प्सचा थांबला आणि आंबा घाटाचा सुरू झाला.

दादा म्हणजे हिचे थोरले भाऊ. वय ८६. माहेर देवरुखचे. कोल्हापूरहून मलकापूर, तिथून आंबा, घाट उतरला की साखरपा, आणि साखरप्याहून देवरुख. आम्ही सपाटीची माणसे, हिच्यामुळे कोकणाशी नाते जुळले. दादा दोन वर्षांतून एकदा तरी घाट चढून आमच्याकडे यायचे, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ घेऊन. इथल्या कडक भाकरीचे त्यांना भारी कौतुक. परत जाताना चवड बांधून न्यायचे. गेल्या दिवाळीत ते अंगणात पडले, खुब्याचे ऑपरेशन झाले, आता वॉकर धरून ओटीपर्यंत येतात. फोनवर म्हणाले, "आता घाट चढणं संपलं हो मास्तर." अगदी साध्या आवाजात म्हणाले. दुकान बंद केल्याचे सांगावे तसे.

हिचे जाणेही २०१९ नंतर झालेले नाही. मग कोरोना आला. मग जुलै २०२१ चा तो पाऊस, महाडजवळचे तळीये गाव दरडीखाली गेले तो. त्याच पावसात आंबा घाटातला रस्ताही खचला होता. मग २०२३ ला हिचे दोन्ही गुडघे बदलले. दर रविवारी फोन होतो. पण ८६ वर्षांच्या भावाशी फोनवर बोलणे आणि त्याच्या शेजारी ओटीवर बसणे यात किती अंतर असते ते मी तिच्या चेहऱ्यावर बघतो. म्हणून ठरले : डिसेंबरात देवरुख. जूनचे नंतर बघू.

आता खरे सांगायचे तर माझ्यातला भूगोलाचा मास्तर एवढ्यावर गप्प बसणारा नव्हता. मनात म्हटले, घाट उतरायचाच आहे तर एकच का? दुसऱ्या दिवशी जुनी रस्त्यांची वही काढली, मोबाइलवर नकाशा उघडला आणि माझाही एक तक्ता तयार केला. भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरायचे, पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला चढायचे, साताऱ्यावरून कराड गाठून कुंभार्लीने चिपळूणला उतरायचे, मग देवरुख, आंब्याने वर मलकापूर-कोल्हापूर, गगनबावड्याहून करूळने परत खाली, आणि फोंड्याने दाजीपूरला वर. मागावरचा धोटा इकडून तिकडे जातो ना, तसे. वडील गिरणीत होते, त्यामुळे मला धोटाच आठवतो. सह्याद्रीच्या काठाला असे सहा टाके घालायचे, ही माझी ५० वर्षांपूर्वीची इच्छा आहे.

का, तेही सांगतो. सोलापूरच्या माणसाला घाट म्हणजे तुळजापूरचा. शहरातून ४५ किलोमीटर गेले की बालाघाटाची कड लागते, दोन-चार वळणे, की आलेच भवानीचे गाव. आमच्या लहानपणी एसटी ते दोन-चार वळणांचे अंतर चढताना धापा टाकायची आणि आम्ही पोरे खिडकीला नाक लावून "दरी, दरी" ओरडायचो. ती दरी पाहून कोकणातला माणूस हसेल. आणि अशा गावात मी वर्षानुवर्षे भिंतीवर नकाशा टांगून, हातात छडी घेऊन, उत्तरेकडून दक्षिणेकडे घाट म्हणवून घेत असे : थळ, माळशेज, बोर, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. मुले एका सुरात म्हणत. एकदा आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही यातले किती बघितलेत?" मी म्हटले, "दोन." वर्ग हसला, मीही हसलो. पण तो प्रश्न राहिला खरा.

भूगोल हा विषयच असा आहे की तो शिकवणाऱ्याला न पाहिलेल्या गोष्टींविषयी रोज बोलावे लागते. मी काही फार शिकलेला नाही. मराठी माध्यमातून बी.ए. केले. त्या काळी आमची कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ व्हायला २००४ उजाडले. पण भूगोलातली एक गोष्ट मला कायम चकित करत आली. आल्प्स हा वली पर्वत. आफ्रिकेकडचा भूपट्ट युरोपवर रेटला गेला आणि जमिनीला घड्या पडल्या, चादर दोन्हीकडून ढकलावी तशा. त्यामुळे तिथली खिंड म्हणजे दोन शिखरांमधली खोलगट जागा. एका बाजूने चढा, दुसऱ्या बाजूने तेवढेच उतरा. आपला सह्याद्री तसा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्या पठाराची ही पश्चिमेकडची तुटलेली कड. सोलापूरहून निघालेला माणूस मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर असे सपाटीवरून जात असतो आणि नकळत, बोटाबोटाने वर चढत असतो. आणि आंब्याला पोहोचला की एकदम जमीन संपते! समोर काही नाही, खाली कोकण. म्हणजे आल्प्समध्ये घाट चढून खिंड येते. आपल्याकडे पठारावरून गेलेल्या माणसाला आधी माथा येतो आणि मग सगळा उतारच उतार.

पाण्याचेही तसेच. मुलगा लिहितो, ग्रिमसेलच्या एका बाजूचे पाणी ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला जाते आणि दुसऱ्या बाजूचे आरे नदीतून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राला. वा! पण बाळा, आंब्याच्या माथ्यावर पडलेला थेंब दोन हात पश्चिमेला पडला तर एका दिवसात अरबी समुद्रात, आणि दोन हात पूर्वेला पडला तर कृष्णेत जाऊन, अख्खी दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. वाटेत रायचूरजवळ त्याची आणि आमच्या भीमेच्या पाण्याची गाठ पडते. पावसाचेही बघा. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि आमच्या सोलापुरात साडेपाचशेच्या घरात. तो सगळा पाऊस या कड्याने अडवून ठेवलेला. सोलापूरकराला सह्याद्रीविषयी प्रेम वाटावे की राग यावा, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

शब्दाचीही गंमत आहे. घाट म्हणजे रस्ता, डोंगर नव्हे. पण साहेबाने रस्त्याचे नाव डोंगराला चिकटवले आणि पुस्तकात सह्याद्री 'पश्चिम घाट' झाला. त्याच्याही आधी हे रस्ते होतेच. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, नागनिका राणीचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. आणि वाटेच्या तोंडाशी जकात टाकायचा दगडी रांजण. स्टेल्व्हिओचे कौतुक आहेच, पण आमचा टोलनाका जुना. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली झाला. आगगाडीचे तर आणखी मजेदार. सोलापूरला रेल्वे आली १८६० ला, पण बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला १८६३ ला. म्हणजे मधली तीन वर्षे सोलापूरहून मुंबईला निघालेला माणूस खंडाळ्याला गाडीतून उतरायचा, पालखीतून नाहीतर बैलगाडीतून घाट उतरायचा आणि खाली पुन्हा दुसऱ्या आगगाडीत बसायचा. या घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली असे सांगतात. शिंगरोबाचे देऊळ आजही तिथे आहे, ड्रायव्हर लोक जाताना नाणे टाकतात. तिकडे इंजिनिअरचे नाव राहिले, इकडे धनगराचे देऊळ झाले. असो. हे फार लांबले.

तर सहा टाक्यांचा माझा तक्ता मी सौ.ला दाखवला. तिने चष्मा लावून नीट वाचला. म्हणाली, "यात दादाकडे किती दिवस?"

"एक रात्र."

तिने तक्ता परत दिला. काही बोलली नाही. मी तक्ता घेऊन आत गेलो आणि चार घाट खोडले.

उरले दोन. आंब्याने उतरायचे, दादांकडे पाच दिवस राहायचे, आणि येताना संगमेश्वर-चिपळूण करून कुंभार्लीने चढायचे. कुंभार्लीचा हट्ट माझा. घाटमाथ्यावर कोयनानगर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे कित्येक दिवस घरात दुसरे बोलणे नव्हते. आणि कोयनेचे ते पाणी! निसर्गाने पूर्वेला जायला सांगितलेले पाणी माणसाने डोंगराला भोक पाडून पश्चिमेला वळवले, पोफळीला त्यावर वीज केली आणि वाशिष्ठीत सोडून दिले. हे मी फळ्यावर बाणाची चित्रे काढून किती वर्षे शिकवले. तो बाण एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे. हिने एवढे मान्य केले.

आता घाटाविषयी आम्हा दोघांच्या अनुभवात फरक कसा आहे ते सांगितले पाहिजे. १९७६ साली मी पहिल्यांदा आंबा घाट उतरलो, मुलगी बघायला जाताना. कोल्हापूरहून लाल एसटी. मला खिडकी मिळाली होती, आणि चाकाखाली रस्ता संपून नुसती हवा दिसली तेव्हा मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली, हे मी कोणाला सांगितले नाही. (आता सांगितले.) लग्नानंतर आम्ही दोघे त्याच वाटेने वर येत होतो. ही लिंबू हुंगत बसली होती. गायमुखाच्या अलीकडे तिने घाईघाईने खिडकीतून डोके बाहेर काढले. मग पुन्हा. मग पुन्हा. नवी नवरी, हिरवा चुडा, आणि हे असे. मी पाठीवर हात फिरवत होतो पण माझेच पाय थरथरत होते. तिला वाटले मी तिच्या काळजीने घाबरलो. माथ्यावर आल्यावर मी खरे ते सांगितले, दरीची भीती वाटते म्हणून. तेव्हा ती तोंड पुसत म्हणाली, "दरीला काय भ्यायचं? ती आपल्या जागेवर असते."

गाडी लागणे हा प्रकार ज्याला होत नाही त्याला तो कळत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारे द्रव असते, ते सांगते आपण वळतो आहोत. आणि डोळ्यांसमोर असते पुढच्या सीटची पाठ, ती सांगते आपण स्थिर आहोत. मेंदूला दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात आणि भोगावे लागते पोटाला. म्हणूनच गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, वळण येणार हे त्याला आधी ठाऊक असते. हिनेही स्वतःचा इलाज शोधून काढला होता : एसटीत ड्रायव्हरच्या शेजारची जागा, समोरच्या काचेतून लांबवर नजर, निघण्याआधी अर्धा तास ॲव्होमिनची गोळी, आणि पोट रिकामे ठेवायचे नाही. माहेरी जाण्यासाठी तिने आयुष्यभर हे केले. देखाव्यासाठी ती एकदाही घाटात गेली नाही. ज्या रस्त्याला लोक 'सीनिक' म्हणतात तो हिच्यासाठी आई-वडील आणि आपण यांच्या मधला दीड तास होता, सोसायचा आणि संपवायचा. माझ्या तक्त्याकडे पाहून ती गप्प का बसली हे यावरून लक्षात यावे.

बेतातला अवघड प्रश्न पुढेच होता. गाडी कोण चालवणार?

मी ७४ वर्षांचा आहे. गाडी चालवतो, चांगली चालवतो. पंचावन्न ओलांडले की लायसन्स पाच पाच वर्षांसाठी मिळते, डॉक्टरचा दाखला जोडून. माझे येत्या मार्चपर्यंत आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दिवसा हरकत नाही, रात्री समोरच्या दिव्यांनी त्रास होईल, टाळा. पुण्याच्या मुलीने फोन केला, "बाबा, ड्रायव्हर घ्या." जर्मनीहून मुलाचा फोन, "बाबा, ड्रायव्हर घ्या." दोघांचे आधी आपापसात बोलणे झाले होते हे शब्दांवरूनच कळले. मी म्हटले, बघतो. दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. ज्या घाटांवर बोट ठेवून आयुष्य गेले ते एकदा स्वतःच्या हाताने उतरायचे, एवढेच होते मनात. मार्चनंतर लायसन्स पुन्हा मिळेलही. पण मिळाले तरी मी आणखी किती वेळा आंब्याला जाणार आहे?

मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. एसटीत ३० वर्षे चालक होता, आता निवृत्त. त्याला भूगोलात शंभरपैकी ३६ गुण होते, हे मला आठवत होते आणि त्यालाही. चहा झाला. मी माझा बेत सांगितला. त्याने नकाशा वगैरे काही मागितला नाही. डोळे मिटल्यासारखे करून बोलायला लागला.

"सर, आंबा रुंद आहे, त्यात काही नाही. कुंभार्ली चढताना ट्रक असतात, घाई करायची नाही. वरंध्याला पावसाळ्यात जायचंच नाही, दर वर्षी बंद असतो. करूळ २०२४ साली रुंदीकरणाला बंद होता, तेव्हा सगळी गर्दी भुईबावड्याला. आंबेनळीला..." इथे तो थांबला. २०१८ च्या जुलैमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस तिथे दरीत गेली होती. एकच जण वाचला. "आंबेनळीला आम्ही बोलत नाही सर, नुसतं चालवतो."

मग त्याने मला शिकवले. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारा माणूस ब्रेकवर सगळा भार टाकतो. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण. वळणाआधी हॉर्न, वळणावर ओव्हरटेक नाही. "आणि सर, खरी भीती घाटात नाहीच. ती सोलापूर ते कोल्हापूर आहे. डिसेंबर म्हणजे उसाचा सीझन. दोन दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, नुसती उसाची वाढी लोंबत असतात. अंधारात दिसत नाही. तुम्ही घाटाला भिता, मी उसाला भितो."

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडले नव्हते. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या सोलापुरावरून जातो, म्हणजे आमच्या दारातला रस्ता थेट आंब्याच्या माथ्यावर जातो, याचे मला केवढे अप्रूप होते. नकाशावर ती एक लाल रेघ. त्या रेघेवर ऊस आहे हे नकाशा सांगत नाही. आणि मी सोलापूरचा, कारखान्यांच्या जिल्ह्यातला!

शेवटी मीच विचारले, "तू येशील का?"

"सर, तुम्ही नुसतं सांगायचं होतं."

तडजोड अशी ठरली. कोल्हापूरपर्यंत सपाटीला मी चालवायचे, दिवसाउजेडी, सकाळी सातला निघून. रात्र कोल्हापूरला. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे तो चालवणार. आंब्याला माथ्यावर गाडी थांबवायची, मी उतरून कड्याशी उभा राहणार, किती वेळ ते मी ठरवणार. मग बसायची व्यवस्था. आमच्याकडे ड्रायव्हर असला की घरातला कर्ता पुरुष पुढे बसतो आणि बाई मागे. सौ. म्हणाली, "पुढे मी. तुम्ही मागे बसा आणि डोळे मिटा, तुम्हाला सवय आहे." म्हणजे १९७६ सालची रामरक्षा तिला पहिल्यापासून माहीत होती. ५० वर्षे बोलली नाही!

मला हे सोपे गेले असे म्हणणार नाही. गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणे हे लहान काम नाही, वय काही असो. पण एक हिशेब मी केला. घाट चालवणाऱ्याला घाट दिसत नाही, त्याला फक्त पुढचे वळण दिसते. मागे बसून मला सगळा दिसेल. कातळाचे थर मोजता येतील, एकावर एक, लाव्हाच्या प्रत्येक लोटाचा एक. शाळेत फळ्यावर काढायचो तसे. बघू, डोळे उघडे राहिले तर.

मुलाला कळवले, डिसेंबरात देवरुख, ड्रायव्हर घेतला आहे, जूनचा बेत कायम. त्याचे उत्तर आले : आल्प्सच्या या खिंडी ऑक्टोबरपासून मेपर्यंत बर्फामुळे बंद असतात, त्यामुळे जूनच्या अखेरीस या, आधी नको. इकडे पावसाने बंद, तिकडे बर्फाने. स्टेल्व्हिओवर आईला पुढे बसवायचे, एवढे मी त्याला लगेच लिहिले.

काल रविवार. सौ.ने दादांना फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारीच होतो.

"बायो, कुठल्या घाटानं येताय?"

"आंब्यानं."

"दहाच्या पुढं उतरा, तोवर धुकं विरलेलं असतं. पण चारच्या आत. नंतर उतरताना ऊन डोळ्यावर येतं. गोळी घे विसरू नको."

"नाही विसरत."

"साखरप्याला आलात की फोन कर. भात टाकायला सांगतो. आणि मास्तरांना सांग, गाडी अंगणात वळत नाही, बाहेर पेरूखाली लावायची."